डोकं-शेपूट, शेपूट-डोकं

तेल्मु सरांनी रात्रशाळेत एक कागद वाटला.
तुम्ही कसे शिकता? खूण करा :
डोळ्यांनी, कानांनी, की हातांनी.
एव्हारिश्तूनं झटकन कानांवर खूण केली,
तीस वर्षं तो बसची इंजिनं
नुसती ऐकून दुरुस्त करत आलाय.
मी पेन्सिल चावत बसले.
एकावन्न वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.
विचारलं होतं ते एवढंच :
"इल्दा, डोक्यात शिरतं का काही?"
तेही उत्तरासाठी न थांबता.

कागद घरी आणला.
फ्रिजवर वेळापत्रक होतंच चिकटवलेलं,
तीन रंगांच्या पेनांनी आखलेलं.
सोमवार गणित, मंगळवार इतिहास,
रविवारी उजळणी, हिरव्या चौकटीत.
इतकं देखणं काम मी आयुष्यात केलं नसेल.
पाळलं मात्र एकही दिवस नाही.
सोमवारी कपडे वाळत घालायचे राहिलेले असतात,
मंगळवारी मीच राहिलेली असते कुठेतरी.

खरं सांगायचं तर
मी टेबलापाशी शिकतच नाही.
टेबलापाशी मी शिकणारी बाई दिसते, बस.
दिवा, चष्मा, ओळींखाली ओढलेल्या ओळी,
आणि मन बंदरावर, कुणाची नाव आली बघत.

शिकते ती कारखान्यात, पट्ट्यासमोर उभी राहून.
डबा हातात, मासे डब्यात :
डोकं-शेपूट, शेपूट-डोकं,
म्हणजे एकमेकांच्या उरलेल्या जागेत ते नीट मावतात.
सात सक एक बेचाळीस म्हणत डबा मिटला
आणि चूक आहे हे आधी हाताला कळलं,
बोटं अडखळली, मग जीभ.
सात सक बेचाळीस. मधला एक
शेजारच्या फिलोमेनाच्या डब्यातला होता,
ती आपला जमाखर्च मोठ्यानं करते.

लिस्बनचा भूकंप सतराशे पंचावन्नचा.
सतरा ट्रे भरून झाले, पंचावन्नावा डबा हातात होता,
तेव्हा पुटपुटले, आणि तो तिथेच बसला.
अजून त्या सालाला तेलाचा वास येतो.
पुस्तकालाही येतो. सर पान उलटताना
क्षणभर श्वास धरतात, पण बोलत नाहीत.
भला माणूस.

रात्री पाठ म्हणायला ऐकणारं कुणीतरी लागतं.
बेल्मिरु तर पडल्या पडल्या घोरतो.
म्हणून त्याच्याच कानाशी म्हणते,
पानं, ऊन, पाणी, हवा, साखर.
परवा मी मध्येच अडले
तर झोपेतच तो म्हणाला, "हरितद्रव्य,"
आणि कूस बदलून पुन्हा घोरू लागला.
सकाळी विचारलं तर म्हणे, तो काय प्रकार असतो?

नवव्या वर्षी मला शाळेतून काढलं.
बाईंनी आईला सांगितलं, हिच्या हातांना स्वस्थता नाही,
बाकाची कड खरवडते, धागे ओढते,
फळ्याकडे बघतच नाही.
आईनं मान हलवली आणि दुसऱ्या आठवड्यात
माझे हात कारखान्याला दिले.
तिथे त्यांना कुणी नावं ठेवली नाहीत.
बाईंचा राग येत नाही आता.
येतो, थोडा येतो.

परीक्षेच्या दिवशी तिसऱ्या प्रश्नाला
डोकं कोरं पडलं, धुतलेल्या फरशीसारखं.
मी पेन ठेवलं,
हात बाकाखाली घेतले, आणि भरू लागले
नसलेल्या डब्यात नसलेले मासे.
डोकं-शेपूट, शेपूट-डोकं.
पर्यवेक्षक पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा,
चटचट बुटांनी आला :
"बाई, खाली काय लपवलंय?"

दोन्ही हात वर काढून दाखवले.
रिकामे. सुऱ्यांचे जुने वळ,
घासूनही न गेलेला वास.
तो जरा मागे सरला, ओशाळला, गेला.
मी लिहायला घेतलं.

सरांचा तो कागद अजून पिशवीतच आहे.
खूण केलेली नाही.
पण हातांच्या चौकटीवर तेलाचं एक बोट उमटलंय,
कधी उमटलं, कुणास ठाऊक.