शिक्का

रबराचा. गोल. मध्ये इंग्रजी, भोवती अरबी,
तळाशी पोस्ट बॉक्सचा नंबर; त्यातला आठ
एकोणीस वर्षांत झिजून तीनसारखा झालेला.
तो माझ्या खिशात असायचा.
सगळ्या शर्टांच्या डाव्या खिशाला जांभळा डाग.
हेमांगी म्हणायची, लोकांना तिथे काळीज असतं,
तुमच्या तिथे शाई गळते.

शारजा, इंडस्ट्रियल एरिया सहा.
चिलरचे सुटे भाग, दुरुस्ती, चोवीस तास.
पाटीवर चोवीस तास मीच लिहवून घेतलं.
ते चोवीस कुणाचे असणार
हे पेंटरला कळलं असावं; तो हसला होता.

डिलिव्हरी नोट, शिक्का. व्हिसाचा अर्ज, शिक्का.
पाण्याच्या बाटल्यांचं बिल, त्यावरही.
टेकबहादूरची आई गेली त्या दुपारी
तो माझ्या केबिनच्या दाराशी कागद घेऊन उभा,
आणि मी अबुधाबीच्या रस्त्यावर,
त्याची रजा खिशात घालून
ताशी एकशे वीसने उलट्या दिशेला.
विमान चुकलं. पुढचं तिसऱ्या दिवशी.
परत आला तेव्हा डोकं भादरलेलं,
आणि माझ्यासाठी मोठ्या वेलचीची पुडी.
बोलला काहीच नाही.
ती पुडी मी अजून फोडलेली नाही.

त्यानंतर कधीतरी, लगेच नाही, मी इतका चांगला नाही,
एका गुरुवारी शिक्का रेजीनाच्या टेबलावर ठेवला.
पूर्वी म्हणे शिक्के-कट्यार देत, दरबार भरवून.
इथे ती स्टेपलरमध्ये पिना भरत होती.
म्हटलं, पाच हजार दिरहमपर्यंत तू बघ.
म्हणाली, सर, दहा करा,
पाचमध्ये धड कॉम्प्रेसर येत नाही.
हे तिला चौदा वर्षं माहीत होतं.
मी विचारलं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात तिच्या पाठीमागून
रोज सात वेळा पाणी प्यायला गेलो.
सोमवारी कूलरच तिने माझ्या केबिनमध्ये हलवला.

मग चूक झाली.
फुजैराच्या हॉटेलला भलताच पंखा गेला,
बाराशेचा फटका.
जीभ टाळूला चिकटवून बसलो.
माझ्या हातून असे बाराशे कितीदा गेले,
त्यांना मी अनुभव म्हणत आलो.
तिच्या बाराशेंना काय म्हणायचं ते ठरवायला
मला अख्खी दुपार लागली.
तोवर तिने पंखा बदलून पाठवलाही होता.

आणि एक दिवस पाच वाजले.
म्हणजे रोजच वाजत असणार.
मला ते पहिल्यांदा दिसले, समोरच्या टायरवाल्याच्या भिंतीवर,
तिरके, पिवळे, कुणाचीही सही नसलेले.
खालिद लगूनपाशी गाडी लावली.
हात खिशाकडे गेला, रिकामाच परत आला.
फोन वाजेना. हलवून पाहिला. रेंज पूर्ण.
राग आला, खरं सांगतो.
बाहेर सेहेचाळीस डिग्री, गावभर चिलर बंद पडत असणार,
आणि माझ्यावाचून कुणाचंच अडत नाही?
कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही,
हे दहादा इतरांना ऐकवलेलं.
ते कोंबडं मी आहे
हे कुणी सांगितलं नव्हतं.

सहाच्या आत घरी पोचलो.
बरं नाही का, हेमांगीने विचारलं, कपाळाला हात लावून.
ती निघालेली होती.
समोरच्या मॉलमध्ये चालायला, चौघीजणी, रोज सहाला;
किती वर्षं, ते मी विचारायचं धाडस केलं नाही.
चला हवं तर, म्हणाली,
पण आम्ही भरभर चालतो.
माझे बूट सापडायला वीस मिनिटं लागली.
त्या थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी बूट सकाळीच दाराशी काढून ठेवले.