सतरा ग्रॅम

कार्ड धातूचं आहे, म्हणून आधी चुंबक लावून बघितलं.
धरत नाही. तीनशे चारचं स्टील असावं.
गुजरीत त्रिशलाच्या बांगड्या पॉलिशला टाकायच्या होत्या,
तिथंच पोतदारांच्या काट्यावर ठेवलं:
सतरा ग्रॅम.
"मगदूम, हेबी मोडीत घालताय काय?"

मोडीचा भाव मला पाठ आहे.
उद्यमनगरात तीस वर्षं लेथ चालवतोय,
मशीनखालचा कीससुद्धा किलोवर विकतो.
गेल्या साली फी होती दहा हजार,
यंदा साडेबारा, वर अठरा टक्के जीएसटी.
चलनाच्या पाठीमागं भागाकार केला:
ग्रॅमला आठशे सदुसष्ट रुपये
आणि काही पैसे, ते सोडले.
एवढ्या भावाचं लोखंड
या हातात कधी आलं नव्हतं.

बदल्यात काय, तर लाउंज.
वर्षाला आठ वेळा, जोडीदारासकट.
मी गेलो एकदा, एकटा,
कोइमतूरला मशीन बघून परत येताना,
हैदराबादेत तीन तास होते मधले.
आत भांड्यांची रांग, झाकणं उघडी, पनीर, पुलाव,
चांदीच्या वर्खाच्या कसल्या कसल्या वड्या,
आणि काचेपलीकडं दिवस नुकताच बुडालेला.
मावळल्यावर मी पाणीही घेत नाही.
सगळं फुकट होतं
आणि ताटाला हात लावला नाही.
घरी त्रिशलानं विचारलं, "काय काय खाल्लासा?"
"खुर्ची चांगली होती," म्हटलं.

ते मात्र खरं.
मान टेकायला जागा, पायाला स्टूल.
दुकानात मी तेलाच्या डब्यावर बसतो.
एक पोरगा वाकून म्हणाला, "सर, अजून काही?"
तीस वर्षं हे मी गिऱ्हाइकाला विचारत आलोय.
त्या दोन शब्दांची किंमत कुठल्या रकान्यात धरायची
हे सीए चौगुलेंना विचारलं नाही.
हसले असते.

पॉइंट साठलेत म्हणे, दोन तिकिटांपुरते.
त्रिशलाला जायचंय श्रवणबेळगोळला.
तिथं पॉइंट चालत नाहीत,
गुडघे चालावे लागतात.

आज सकाळी इलाही पंपाचं कव्हर लावत होता.
टूल सेंटरच्या जरासं खाली.
"मालक, पाऊण मिलीचं पॅकिंग हाय का?"
शिमचा डबा रिकामा.
मी पाकीट काढलं.
त्यानं ते टूलखाली सरकवलं, बोल्ट आवळले, फेस मारला.
मधे टिकली राहिली नाही.
कव्हरात त्याचं तोंड दिसत होतं, मिशीसकट.
"कशाचं हाय हे? लई भारी बसलंय."

दुपारी बँकेतल्या पोरीचा फोन.
चोवीस तारखेला फी लागेल, सर.
कार्ड चालू ठेवायचं का?
वापर काही दिसत नाही आमच्याकडं.

मशीन चालू होती, ओरडून बोलावं लागलं.
"वापरात आहे," म्हटलं.
पलीकडं तिनं काहीतरी टाइप केलं.