दाब उतरताना

बॅरोमीटर सकाळपासून उतरतोय.
हजार एक, नऊशे शहाण्णव, दुपारी नव्वदच्या खाली.
अशाच दिवशी जायचं असतं.
ऊन असलं की टेकडी पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी वागते,
नोंदवहीत शून्य, शून्य, शून्य लिहून देते,
आणि कार्यालयात सगळे खूश.

टेकडी म्हणजे आमच्या गावचा सत्तावीस वर्षांचा कचरा.
वर चिकणमाती, तिच्यावर गवत, गवतावर मेंढ्या,
फाटकावर वेल्शमध्ये आणि इंग्रजीत पाटी: बंद.
झाकली मूठ.
मुठीत मात्र कुजणं चालूच आहे:
बटाट्यांची सालं, चॅपेलची जुनी भजनपुस्तकं,
प्रोथरोबाईंच्या दुकानातली न खपलेली लोकर,
आणि माझ्या आईच्या मोडलेल्या लग्नाचा केक,
तीन मजली, अख्खा.

मी एलुनेड. कौन्सिलची.
खांद्याला पिवळं यंत्र, कमरेला किल्ल्यांचा जुडगा,
चौदा बोअर.
झाकण उघडायचं, नळी जोडायची, आकडा ठरेपर्यंत थांबायचं.
आकाशाने हात जरा सैल सोडला
की जमीन धरून ठेवलेला श्वास सोडते.
सहा बोअर गप्प.
सातवा फुसफुसतो, झाकणाला हात लावायच्या आत.
मिथेन एकवीस टक्के.
मागच्या महिन्यात दोन होता.

कुंपणापलीकडे गवताचा एक पट्टा पिवळा पडलाय.
मुळांशी हवा उरली नाही की गवत आधी बोलतं,
अहवाल मागाहून.
पट्टा उतरत उतरत जातो
शेवटच्या घरापर्यंत. इद्वलच्या.

इद्वल दार उघडतो. वय चौऱ्याऐंशी,
बाहीवर कबुतराचं पीस, ओठांत थंड पाइप.
"पेटवू नका," मी म्हणते, 'कसे आहात' च्या आधी.
"वास तर नाही कसला."
नसतोच.
वास वाटेतल्या मातीने गाळून ठेवून घेतला,
उरलेलं पुढे पाठवलं.

"मला गॅस शिकवतेस, पोरी?"
तेहतीस वर्षं खाणीत.
दिव्याची वात उतरवायची, ज्योत मोहरीएवढी करायची,
मग तिच्या डोक्यावर निळी टोपी चढते का बघायचं.
टोपी दिसली की निघायचं.
धावायचं नाही.
"ग्विलिम धावला," तो म्हणतो,
आणि पाइप खिशात ठेवतो.

जिन्याखालचं कपाट. बूट, बादली, कबुतरांचा मका.
फरशीच्या फटीत नळी.
एक पूर्णांक चार.
"टोपी केवढी?" तो दारातून विचारतो.
मी दोन बोटांत तांदूळ धरल्यासारखं दाखवते.
पाचावर गेलं तर एक ठिणगी पुरे, हे सांगत नाही.
तो दिव्याच्या बटणाकडे बघतो, मग माझ्याकडे,
आणि हात मागे घेतो.

दारं-खिडक्या सताड. फोन बाहेर, रस्त्यावर जाऊन.
गल्लीतली अकरा माणसं चॅपेलच्या मागच्या खोलीत,
चहा, घोंगड्या, एक रडणारं बाळ,
आणि टोपलीत नऊ कबुतरं,
कारण त्यांच्याशिवाय तो उंबरा ओलांडेना.
"आम्ही खाली पक्षी न्यायचो," तो बाळाच्या आईला सांगतो,
"हे उलटं झालं."

मग खंदक. जेसीबी, खडी, भोकं पाडलेले पाइप,
घरांच्या बाजूला मातीची घट्ट भिंत,
फरशीखाली पंखा, दिवसरात्र गुणगुणणारा.
पैसे कुणी द्यायचे यावर चार सभा.
पाचवी पुढच्या महिन्यात आहे.

"पाटीवर तर बंद लिहिलंय," इद्वल विचारतो.
"टाकायचं बंद झालं," मी म्हणते. "बाकीचं नाही."
"किती वर्षं?"
मला माहीत नाही. माझ्या नोकरीपेक्षा जास्त.

आज पुन्हा दाब उतरला. मी पुन्हा त्याच्या कपाटात गुडघ्यांवर.
तो मागे उभा, श्वास रोखून, जणू यंत्राला त्रास होईल.
शून्य.
तरी मी आणखी पाच मिनिटं थांबते.
फॉर्ममध्ये वेळ, दाब, आकडे भरते,
आणि 'शेरा' या चौकटीत, न ठरवता, लिहून जाते:
टोपी नाही.

संध्याकाळी कार्यालयातून फोन:
हे काय लिहिलंय, कसली टोपी?