सावलीच्या कडेला पाणी

बंडप्पा हत्तरगी आला तेव्हा
साखर पेठेतले पत्रे कडकडायला लागले होते.
त्यानं चप्पल परसाच्या दारात काढली,
आजारी माणसाच्या खोलीत जाताना काढतात तशी,
आणि तापल्या शहाबादीवर पाय उचलत उचलत
चिंचेखाली पोचला.

मी म्हटलं, शेंड्याकडून वाळत चाललीय.
शेजारचे येमूल म्हणतात, पाडून टाका,
वाऱ्यात आमच्या लूमवर यायची.

तो काही बोलला नाही.
पिशवीतून लाकडी हातोडी काढली, खोडावर टकटक केली,
कान लावला. थोडं खाली, पुन्हा टकटक.
माठ घेताना आपण करतो तसं.
एका जागी आवाज बद्द आला.
"इथं काय भरलंय?"

सिमेंट.
ह्यांनी भरलं होतं, ढोलीत पाणी साठतं म्हणून,
न्हाणीघराच्या कामातलं उरलेलं अर्धं घमेलं.
वरून थापी फिरवून तारीखसुद्धा कोरली होती.
तारीख आहे अजून.

"आणि ही तार?"

तार सासऱ्यांची.
रंगाच्या पिपातून काढलेल्या लडी वाळत घालायला.
लाल, मोरपंखी, निथळणाऱ्या,
त्यांच्याखालून डोकं वाकवून मी या घरात आले.
हातमाग गेले, लडी गेल्या,
तार झाडानं गिळली.
तिच्यावर साल आता ओठासारखी मिटलीय.

मी पक्कड आणायला वळले.
"ओढू नका," तो म्हणाला.
"आतली आतच राहू द्या, ती झाडाचीच झालीय.
बाहेर लोंबतंय तेवढं कापा.
सिमेंटही राहू द्या, खरवडाल तर जित्या भागाला लागेल.
पण ही फरशी कुणी घातली?
पार खोडाला टेकवलीय. मुळांचा श्वास कोंडलाय."

फरशी माझी.
दोन वर्षं शाळांचे गणवेश शिवून,
निळ्या पिनाफोरांच्या पट्ट्या उलटवून उलटवून
जमवलेल्या पैशांची.
परसात पाचोळा नको म्हणून.

आमच्या घरच्या तेलुगूत
चिंचेला चिंता म्हणतात आणि काळजीलाही चिंता.
लहानपणी मला वाटायचं, मोठी माणसं
रात्री दिवा मालवून
झाडांबद्दलच बोलत बसतात.

पोशेट्टीनं पहार आणली, अकरा फरशा निघाल्या.
खालची माती पांढरी, विटेसारखी,
एक गांडूळ नाही.
पाचोळा जाळायचा नाही, तिथंच पसरायचा.
साबणाचं पाणी नको, तांदळाचं चालेल.
आणि खोडाला पाणी घालायचंच नाही, म्हणाला बंडप्पा,
"खोड पीत नाही, अक्का.
भर बारा वाजता बघा सावली कुठं संपते.
पिणारी तोंडं तिथं असतात."

दुसऱ्या दिवशी बाराला, चव्वेचाळीस डिग्रीत,
मी कापडावर आखायच्या खडूनं
सावलीची कड आखत गेले.
तुळशीपासून न्हाणीघर, न्हाणीघरापासून धुण्याचा दगड,
आणि रेघ भिंतीला जाऊन थटली.
उरलेली अर्धी चिंच येमूलांच्या अंगणात पाणी पीत होती,
किंवा पीत नव्हती.

मी भिंतीवरून हाक मारली नाही. तेवढं बोलणं नव्हतं आमच्यात.
फक्त खडूचा तुकडा भिंतीवर ठेवला,
आणि राजमणी येमूलना, त्या कपडे काढायला आल्यावर,
सांगितलं, सावली कुठं संपते ते.
त्या बघत राहिल्या.
म्हणाल्या, आमच्याकडंही फरशीच आहे.

नळ पाचव्या दिवशी येतो, पहाटे साडेतीनला.
मी दोन बादल्या रेघेवर ओतते,
मग पिंप, मग हंडे.
काल अंधारात बादली रिकामी करून उभी होते
तर भिंतीपलीकडून पहारीचा आवाज आला.
एकदा. थांबला. मग पुन्हा.