जमिनीसकट

झुटफेनमध्ये भाड्याचं घर सोडताना
जमीनही उखडून न्यावी लागते.
करारात तसं लिहिलंय, कलम अकरा:
भिंती मालकाच्या, छत मालकाचं,
पायाखालचं ज्याचं त्यानं आणायचं
आणि जाताना ज्याचं त्यानं न्यायचं.

आम्ही चौदा जण. प्रत्येकी दहा मिनिटं.
एजंट योरिट खाली दारात उभा,
भाड्याच्या तिप्पट पगाराचा कागद बघून
एकेकाला वर सोडतोय.
दर्शनी भिंतीवर लोखंडी आकडे:
एक, सहा, मग गंजाचा डाग, मग नऊ.
योरिट म्हणतो, सोळाशे एकोणीस.
समोरचा सायकल दुरुस्त करणारा मान न उचलता म्हणतो, एकोणनव्वद.
सत्तर वर्षांचा फरक,
भाड्यात एका युरोचा नाही.

जिना कसला, शिडीच. कठड्याऐवजी दोर.
चढताना वरच्या पायरीला नाक लागतं,
उतरताना पाठमोरं उतरायचं, जहाजातल्यासारखं.
'कपाट कुठून येणार?' मी विचारलं.
योरिटनं आभाळाकडे बोट केलं:
माथ्यावर एक तुळई, तुळईला हूक.
घर रस्त्यावर जरासं ओणवं आहे ते त्यासाठीच,
दोरानं ओढलेलं सामान भिंतीला घासू नये म्हणून.
इतकी शतकं वाकून उभं राहायचं
कुणाच्या तरी कपाटासाठी.

मी बावन्न वर्षांचा. इस्पितळाच्या लाँड्रीत रात्रपाळी.
घर बांधून पाहिलं, लग्न करून पाहिलं.
दोन्ही आता लोखेम गावात, फेन्नाकडे.
माझ्या वाट्याला कपाट.

वर आलेडाबाई खोक्यांच्या मधोमध बसलेल्या.
एकतीस वर्षं इथं. आता नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात,
जिथं जमीन आधीच असते.
'ओकची आहे,' त्या म्हणाल्या,
'एकेक पट्टी नवऱ्यानं बसवलेली. सहाशे युरो.
नाहीतर भाचा शनिवारी येऊन उखडेल.'
मी गुडघ्यावर बसून पाहिलं.
खिडकीपाशी एक पट्टी उलटी.
'ती आमच्या भांडणाच्या दिवशीची,' त्या म्हणाल्या.
'तिचे पैसे धरलेले नाहीत.'

तेवढ्यात मनोऱ्यावरच्या घंटा सुरू झाल्या.
दर पंधरा मिनिटांनी, अख्खी चाल.
कपाटातल्या कपबशांनीसुद्धा साथ दिली.
मी म्हटलं, मी दिवसा झोपतो.
'मला डाव्या कानानं ऐकू येत नाही,' त्या म्हणाल्या,
'मी उजव्यावर झोपते.
तुमचं तुम्ही बघा.'

माझी दहा मिनिटं संपली होती.
तरी त्यांनी बिस्किटांचा डबा उघडला.
आत बिस्किटं नव्हती, लाकडाच्या पाचरी होत्या,
प्रत्येकीवर पेन्सिलीनं:
पलंग, डोक्याकडे.
टेबल, नदीकडे, दोन.
फ्रिज (फक्त हिवाळ्यात).
घर कुठल्या बाजूला किती कललंय
याचा एवढा चोख हिशेब
योरिटच्या टॅबलेटमध्येही नव्हता.
एका पाचरीवर काहीच लिहिलेलं नव्हतं.
'ही कशाची?'
त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, चष्मा लावून पाहिली.
'आठवत नाही. पण काढू नका.'

तेरा जणांनी काय विचार केला, ठाऊक नाही.
गुरुवारी फोन आला.
मी सहाशे युरो रोख घेऊन गेलो,
त्यांनी दोनदा मोजले,
पन्नास परत केले, का ते सांगितलं नाही.

शनिवारी भाचा जमीन उखडायला नाही,
दोर ओढायला आला.
कपाट गल्लीवर लटकलं, गोल फिरलं,
अधांतरी त्याचं दार उघडलं
आणि एक हँगर खाली पडला,
दगडी फरसबंदीवर टणकन.
सायकलवाल्यानं तो उचलला, पुसला,
मान वर करून एकदा भिंतीकडे पाहिलं.
'एकोणनव्वद,' तो म्हणाला.