बापाचा रकाना

पंचायतीत बिल कलेक्टरची एक जागा निघाली.
पाणीपट्टी, घरपट्टी, दारोदार पावत्या फाडायच्या.
अर्ज कानडीत, चर्चा मराठीत,
शिव्या दोन्हीत.
निवड समितीत तिघं: अध्यक्ष, पीडीओ,
आणि निपाणीच्या या अंगाला उरलेला
एकच पेन्शनर मास्तर म्हणून मी, शांतवन आवळे.

शनिवारी रात्री चर्चचे खजिनदार आले,
पिशवीत भुसा घालून घरच्या कोंबडीची अंडी.
म्हणाले, मास्तर, आपला एलिया बसलाय परीक्षेला.
दारू नाही, तंबाखू नाही,
आणि तंबाखूच्या या मुलखात ते काही साधं नव्हे.
स्टँडवर सापडलेलं पाकीट
त्यानं पोलिसांत नेऊन दिलं होतं, हे खरंच आहे.
वचनं पाठ म्हणताना मी त्याला ऐकलंय,
सात वर्षांचा, गुडघा खरचटलेला.

"आणि दुसरी ती..." ते थांबले.
अंड्यांकडे बघत बोलले,
"माणूस घेताना घर बघायचं का नाही?
लोकांचा पैसा हाताळायचा. चारित्र्य नको?"

दुसरी ती, कस्तुरी.
आई गंगव्वा, देवीला सोडलेली,
पुढे वखारीत तंबाखू निवडून
खोकला कमावलेली.
अर्जात बापाच्या नावाचा रकाना होता.
तिथं तिनं, खाडाखोड न करता,
आईचंच नाव लिहिलं होतं.
पीडीओनं त्याच्याभोवती पेन्सिलीनं गोल काढलेला.

हिशेबाचा पेपर: कस्तुरी चव्वेचाळीस, एलिया एकतीस.
मी दोन्ही पुन्हा तपासले.
एलियाचा अर्धा मार्क वाढला.
त्याहून जास्त वाढवायला
माझ्याकडे पाकिटाचीच गोष्ट होती
आणि पाकिटाला मार्क ठेवलेले नव्हते.

रात्री झोप नाही.
राज्यघटना मी पस्तीस वर्षं शिकवली,
एका तासात तीन कलमं, घंटा व्हायच्या आत.
सोळावं कलम: सरकारी नोकरीत
धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान, निवास
यांवरून भेद करायचा नाही.
कूळ म्हटलं की मुलं हसायची,
शेत कसणारं कूळ समजून.

मग शास्त्र उघडलं. त्यातली ती लांब वंशावळ,
जी आम्ही सगळे उलटून पुढं जातो:
अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा,
बापांची नुसती हजेरी.
मधेच राहाब, जिच्या घराबद्दल
यरीहोत कोणी बरं बोलत नव्हतं.
आणि सोळाव्या ओळीत साखळीच तुटते.
तिथं बाप नाही. मरियेपासून, एवढंच.
चष्मा काढला. पुसला. पुन्हा मोजलं.
सोळावीच.
योगायोग असेल. मी मास्तर आहे, ज्योतिषी नव्हे.
पण नासरेथातही त्या नावाभोवती
कुणीतरी गोल काढलाच असणार.

सोमवारी सही केली. अंडी परत पाठवली.
एक फुटलं होतं, त्याचे सात रुपये वर ठेवले.
कस्तुरीला सांगून टाकलं,
एलियाला पंचेचाळीस असते तर तू घरी बसली असतीस.
ती म्हणाली, "बसले असते की."

चर्चमध्ये बाकावर माझ्या शेजारची जागा
तीन रविवार रिकामी राहिली.
चौथ्या रविवारी एलिया येऊन बसला,
गीतांचं पुस्तक दोघांत धरलं,
बोलला काही नाही.
पाळकांनी प्रवचन केलं न्यायावर.
कुणाकडे बघून, ते कळलं नाही.

परवा दारात कस्तुरी.
"दोन हप्ते थकलेत, मास्तर."
म्हटलं, पेन्शन यायचीय, दंड तेवढा...
तिनं वही उघडली.
दंड अकरा रुपये.
वरचा एक सुट्टा नव्हता,
तो शेजारून आणायला लावला.
पावतीवर सही, स्वच्छ कानडीत:
कस्तुरी गंगव्वा.