अर्थ

उभी असली की हेराल्ड गोड बोलते.
छावणीच्या गल्लीत, इक्रामच्या शटरासमोर
तासभर टुकटुकत राहील, तक्रार नाही.
पाय जरा दाबला
की खोकते, दोनदा,
आणि मान टाकते.

पॉइंट होते तोवर असं नव्हतं.
म्हणजे, होतं थोडंसं. आम्ही त्याला वय म्हणायचो.
दर दोन महिन्यांनी झाकण काढायचं,
काजळी पॉलिशपेपरनं पुसायची,
फट जुळवायची लग्नपत्रिकेच्या जाडीइतकी,
की पुढचे दोन महिने निभावले.

मग सौमित्रनं पुण्याहून ती डबी पाठवली.
आगपेटीएवढी. लाल नि काळी, दोन वायरी,
आणि रोटरखाली घालायची चुंबकाची बांगडी.
“आत्या, आता घासायचं नाही, काही झिजायचंच नाही.”
न झिजणाऱ्या वस्तूंशी माझं फारसं जमत नाही,
हे त्याला फोनवर कुठं सांगत बसू.

इक्रामनं चार दिवस काढले.
कॉइल बदललं. प्लगच्या वायरी बदलल्या.
लाल वायरीत बारा व्होल्ट पोचतात का पाहिलं,
पोचत होते, वर दोन पॉइंट जास्तच.
बांगडी नि डबीमधली फट तीनदा मोजली.
पाचव्या दिवशी हात पुसत म्हणाला,
“दिघे मैडम, डब्बी में ही खोट है.
पुराना माल लगा देता हूँ.”

मी सव्वीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात फॉल्ट शोधले.
रात्री अडीचला, कानाला हेडफोन,
पलासियाकडची एखादी जोडी असायची
जी फक्त ट्रक गेला की खरखरायची;
माणूस तपासायला पोचेपर्यंत ठणठणीत.
तिथं एवढंच शिकले:
स्वस्थ पडलेल्या तारेला काही विचारू नये.
हलवून विचारावं.

स्टूल मागवलं. टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीला,
दुसरं डिस्ट्रिब्युटरच्या आतल्या ताटलीला.
दिवा लागला.
“देखो, अर्थ तो मिल रहा है,” इक्राम म्हणाला.
मला ते मराठीत ऐकू आलं.

मग व्हॅक्यूमची रबरी नळी कार्बोरेटरवरून उपटली
आणि तोंडात धरून ओढली.
अडुसष्टाव्या वर्षी, भर गल्लीत.
समोरच्या कचोरीवाल्याचा झारा हवेत राहिला.
जिभेवर पेट्रोल, जुनं रबर.
आत ताटली किंचित फिरली,
रस्त्यावर जोर मागितल्यावर फिरते तशी,
आणि दिवा गेला.
सोडलं, आला.
ओढलं, गेला.
गोलू हसायला लागला. मग जवळ येऊन बघू लागला.

ताटलीखाली एक वेणीची तार होती,
कापडी, बोटाच्या पेराएवढी, गाडीइतक्याच वयाची.
कापड शाबूत. आतून तुटलेली.
काही मागणं नसे तेव्हा टोकं एकमेकांना टेकून असायची,
कुणी मागितलं की सुटायची.
पॉइंट जुने गडी, ते ओढूनताणून चालवून घेत.
डबीला चालवून घेता येत नाही.
खोट काढायला मात्र तीच सापडली होती.

घरी कपाटावर काळा फोन आहे, कधीचा मुका.
त्याच्या रिसीव्हरची दोरी मी कापली.
त्यातल्या तारा वाकण्यासाठीच केलेल्या असतात,
बोलताना कुणी ना कुणी बोटाला गुंडाळणारच, हे धरून.
सोल्डर त्यांना धरत नाही;
चार पदर वळून, टोकं चिमटून बसवले.

इक्रामनं चावी फिरवली. पाय दाबला.
आवाज चढला, चढत गेला,
गल्लीच्या तोंडाशी झोपलेलं कुत्रं उठून गेलं.
“अब टाइमिंग देखना पड़ेगा,” तो म्हणाला, जरा रागानंच.
बरोबर होतं त्याचं. दोन अंश पुढे होती.

जुने पॉइंट मी मागून घेतले.
जिरावणाच्या रिकाम्या डबीत घालून
डॅशबोर्डच्या खणात ठेवलेत.
खड्ड्यात वाजतात.